आम्लाची तीव्रता आणि सामू : गुण कुठे निसटतात?

बारावीची परीक्षा असो वा सीईटी, नीट, जेईई; आयनिक समतोलावरील प्रश्न सहसा चुकत नाही. या प्रश्नांत गुण जातात ते गणितामुळे कमी आणि शब्दांच्या गफलतीमुळे अधिक. तीव्र आणि संहत हे शब्द समानार्थी नाहीत, ही गोष्ट अनेक विद्यार्थ्यांच्या मनात पक्की झालेली नसते.

आम्लाचे पाण्यात किती विचरण होते, यावर त्याची तीव्रता ठरते. हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्णपणे विचरित होते, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे ०.१ मोलर द्रावण घेतले, तर शंभरातील जेमतेम एक-सव्वा रेणू हायड्रोजन आयन सोडतो. म्हणून ते सौम्य. संहती हा निराळा विषय आहे. ती द्रावणात किती आम्ल घातले ते सांगते. आम्ल किती दाहक आहे, याचाही तीव्रतेशी थेट संबंध नाही. काचेला खाऊन टाकणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल रसायनशास्त्राच्या हिशेबी सौम्यच ठरते!

सामू ही संकल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा ऋण लॉगॅरिदम म्हणजे सामू. सामू एकाने घटला की हायड्रोजन आयन दहापट वाढतात.

आता एक उदाहरण पाहू. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १. तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, म्हणजे त्याचा ऋण लॉग ४.७४. त्यात संहतीचा ऋण लॉग १ मिळवून निमपट केली की सामू २.८७ येतो. मात्र ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ३ असतो. याचा अर्थ, येथे सौम्य आम्लाचे द्रावण तीव्र आम्लाच्या द्रावणापेक्षा अधिक आम्लधर्मी आहे. परीक्षक नेमके येथेच बोट ठेवतात. दहापट विरल केल्यावर तीव्र आम्लाचा सामू एकाने वाढतो, तर सौम्य आम्लाचा साधारण अर्ध्याने. कारण विरलतेबरोबर त्याचे विचरणही वाढते.

दुसरा सापळा अतिविरल द्रावणाचा. १० चा उणे ८ वा घात इतक्या मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ असे उत्तर अनेकजण बेधडक लिहितात. आम्ल कितीही विरल केले तरी ते आम्लारी कसे होईल? येथे पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन धरावेच लागतात आणि उत्तर ६.९८ येते.

अनुमापनात आणखी एक गंमत दिसते. २५ मिलिलिटर ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाच्या उदासिनीकरणास तितकेच सोडियम हायड्रॉक्साइड लागते, जितके हायड्रोक्लोरिक आम्लास. सौम्य असले तरी आम्ल शेवटच्या रेणूपर्यंत अभिक्रिया करते. फरक पडतो तो अंतिम बिंदूत. तेथे सोडियम ॲसिटेटमुळे सामू ७ च्या वर, सुमारे ८.७ असतो. म्हणूनच दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन चालते, मिथिल ऑरेंज नाही.

राहता राहिला सामू ७ चा मुद्दा. ७ म्हणजे उदासीन, हे २५ अंश सेल्सिअसपुरते खरे. १०० अंशाला शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.१ होतो, तरीही ते उदासीनच असते. कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमान वाढलेले असतात.