डबा कुणाचा? नगरची रेल्वे आणि जुन्या प्रवासी डब्यांची मालकी

आजचा विषय ऐकायला साधा आहे. रेल्वेचे जुने प्रवासी डबे कुणाच्या मालकीचे असतात, आणि त्यातले काही संग्रहालयात पोचतात, बाकीचे का पोचत नाहीत? हा प्रश्न आपण नगरमध्ये उभं राहून विचारणार आहोत. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण ज्या काळाबद्दल आपण बोलणार आहोत त्या काळाची कागदपत्रं ‘अहमदनगर’ म्हणतात आणि लोक नुसतं ‘नगर’ म्हणतात. आपणही आज तसंच म्हणू.

नगरमध्येच विचारायचं, याला कारण आहे. या शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी 1994 मध्ये उभारलं. तिथे ब्रिटिशांचे व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, आपला विजयंता आहे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आहे. प्रत्येकासमोर पाटी आहे, रंग दिलेला आहे, आवार झाडलेलं आहे. या रणगाड्यांपैकी बहुतेकांचा नगरच्या सामान्य माणसाशी कधी संबंध आला नाही. ज्या रेल्वेच्या डब्यांशी मात्र इथल्या घराघराचा संबंध आला, त्यांतला एकही जुना डबा नगरमध्ये असा पाटी लावून ठेवलेला नाही. असं का झालं, हे बघायला थोडं मागे जाऊ.

दौंड ते मनमाड ही लाईन 1878 साली सुरू झाली. इंग्रजांच्या दप्तरात ती ‘धोंड–मनमाड स्टेट रेल्वे’. म्हणजे लाईन सरकारची आणि गाड्या चालवणार जीआयपी, ही लंडनमधून कारभार होणारी कंपनी. मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, हा आपल्याला सातबाऱ्यावरून चांगला ठाऊक असलेला प्रकार रेल्वेत पहिल्या दिवसापासून आहे. लाईन बांधली गेली ती 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात, आणि मातीकामावर दुष्काळी मजूर होते. ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांनी हा भराव घातला. पुढे श्रीगोंदा, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव ही स्टेशनं लोकांच्या तोंडी रुळली. शिर्डीला जाणारा माणूस कोपरगावला उतरायचा आणि पुढे टांगा धरायचा. ऊस, गूळ, कांदा मालगाडीने गेला. नोकरीसाठी मुंबईला जाणारा माणूस थर्ड क्लासने गेला. हा थर्ड क्लास 1974 पर्यंत होता. मग त्याचं नाव ‘सेकंड’ झालं.

आता 9 ऑगस्ट 1942 चा दिवस घ्या. पहाटे मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यांना व्हीटीवरून खास गाडीने हलवलं. गांधीजी, सरोजिनी नायडू आणि महादेवभाई देसाई यांना चिंचवडला उतरवून पुण्यात आगाखान पॅलेसला नेलं. काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पुढे नगरला आणले गेले. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव असे बाराजण भुईकोट किल्ल्यात बंदिवान झाले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही इथलीच. त्या खोल्या आज दाखवता येतात. ज्या डब्यांतून ही माणसं नगरला आली ते डबे मात्र दाखवता येत नाहीत. किल्ला जागेवरून हलत नाही, हे एक कारण झालंच. दुसरं कारण असं, की डबा त्या दिवशी रिकामा झाला आणि परत कामाला लागला. रेल्वेच्या लेखी तो फक्त एक नग होता.

डबा मरतो कसा, हे समजून घेतलं पाहिजे. त्या काळचा डबा म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि वर सागवानी लाकडाची पेटी. लाकडाला छप्पर लागतं. चार पावसाळे उघड्यावर काढले की सांधे सुटतात, वाळवी लागते. रणगाडा तेवढ्या काळात फक्त गंजतो. चालतं आयुष्य संपलं की डबा ‘कंडम’ ठरतो. हा रोजच्या बोलण्यातला शब्द, पण रेल्वेत तो रीतसर निर्णय आहे: कागद होतो, नोंदीतून नंबर जातो, आणि डबा भंगाराच्या लिलावात निघतो. त्या क्षणी त्याची किंमत वजनावर ठरते. अधलामधला एक मार्ग असतो. काही डबे लाईनवर काम करणाऱ्यांच्या राहण्यासाठी किंवा अपघात मदत गाडीसाठी खात्याच्या वापरात जातात. जुने डबे मागे राहिले ते पुष्कळदा असे, कुणाच्या तरी अडचणीला उपयोगी पडले म्हणून.

मग संग्रहालयात पोचले कोणते? दिल्लीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची पायाभरणी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते 7 ऑक्टोबर 1971 ला झाली आणि ते 1 फेब्रुवारी 1977 ला उघडलं. मायकेल सॅटो या इंग्रज रेल्वेप्रेमी गृहस्थाने त्याच्या उभारणीत सल्लागार म्हणून मोठं काम केलं. तिथले गाजलेले डबे आठवून बघा. 1875 चं प्रिन्स ऑफ वेल्सचं सलून. 1899 चं म्हैसूरच्या महाराजांचं सलून, सागवान आणि हस्तिदंताचं काम केलेलं. बडोद्याच्या गायकवाडांचं सलून. आणि इंदूरच्या होळकरांचं सलून.

इथे थोडं थांबू, कारण हा धागा आपल्याच जिल्ह्यातून निघतो. अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. त्या होळकर गादीवरच्या दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 च्या सुमारास खंडवा–इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. म्हणजे होळकर रेल्वेचे नुसते प्रवासी नव्हते, सावकारही होते. पुढच्या पिढीचं सलून आज दिल्लीत आहे. ते सुंदर होतं म्हणून वाचलं, असं आपल्याला वाटतं. सौंदर्याचा वाटा आहेच. पण सलूनला सुरुवातीपासून मालकाचं नाव होतं. ते बहुतेक वेळ शेडमध्ये, छपराखाली उभं असायचं. त्याची झीज कमी आणि नोंद जास्त. संस्थानं विलीन झाली, संस्थानी रेल्वे भारतीय रेल्वेत आल्या, तरी ‘हे अमुक महाराजांचं’ ही ओळख पुसली गेली नाही. थर्ड क्लासच्या डब्यात हजारो माणसं बसली, आणि म्हणूनच तो कुणा एकाचा ठरला नाही.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाईट रेल्वे याच दृष्टीने बघा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गेजची गाडी सुरू केली. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे हलक्या रुळांवरही लांब बोगीचे डबे धावू शकले. जगभर नॅरोगेजवाल्यांनी हा नमुना अभ्यासला. पुढे लाईन पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, वारकऱ्यांनी ती भरली. मालक मात्र लंडनची कंपनी. 1954 साली सरकारने ती विकत घेतली. नंतर टप्प्याटप्प्याने सगळं ब्रॉडगेज झालं, आणि त्या गेजचे डबे एका झटक्यात निरुपयोगी झाले. गेज बदलण्यात चूक काही नाही. मराठवाड्याला ती रुंद लाईन हवीच होती. पण कंपनीकडून खात्याकडे, खात्याकडून भंगाराकडे अशा प्रवासात ‘यातले दोन डबे बाजूला काढा’ म्हणायची जबाबदारी कुणा एकाच्या टेबलावर नसते.

विदर्भातली शकुंतला याहून गुंतागुंतीची. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही लाईन स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, गाडी चालवायची भारतीय रेल्वे. 1994 पर्यंत तिथे वाफेचं इंजिन होतं. अशा ठिकाणी जपणुकीचा प्रश्न निघाला की पहिला सवाल पैशाचा नसतो. सही कुणाची घ्यायची, हा असतो. उलट नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय डिसेंबर 2002 मध्ये उभं राहिलं. तिथे खातं तेच, आवार खात्याचं, डबेही खात्याचे. मालकी आणि ताबा एका हातात असल्यामुळे काम मार्गी लागलं.

ताबा बदलला की काय होतं, याचं जगातलं मोठं उदाहरण फ्रान्समधलं आहे. 2419 डी क्रमांकाचा एका कंपनीचा जेवणाचा डबा. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम त्यात सह्या होऊन झाला. मग कंपनीने तो लष्करी संग्रहालयाला दिला, पॅरिसमध्ये काही वर्षं तो उघड्यावर खराब होत राहिला, शेवटी काँपियेन्यच्या जंगलात त्यासाठी इमारत बांधली गेली. 1940 मध्ये हिटलरने त्याच डब्यात फ्रान्सची शरणागती घेतली आणि डबा बर्लिनला नेला. 1945 मध्ये तो नष्ट झाला. आज तिथे दिसतो तो त्याच मालिकेतला दुसरा डबा, 2439 डी. पाच वर्षांत शत्रूने नेला आणि संपवला, हे खरं. पण त्याआधी आपल्याच देशात, मानाने ठेवलेला असूनही, छपराविना तो खराब होत होता, हेही खरं.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट निघाली. तिथे जुन्या डब्यांच्या पेट्या शेतकऱ्यांना विकल्या गेल्या, त्यात कोंबड्या राहिल्या, अवजारं राहिली, आणि पन्नास-साठ वर्षांनी हौशी मंडळींनी त्या शोधून काढल्या. 1951 मध्ये वेल्समधली टॅलिलिन ही लाईन स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. पुढे नुसते डबे जपणारे विश्वस्त न्यासही निघाले. डबा न्यासाचा, धावतो दुसऱ्याच्या लाईनवर, मधे लेखी करार. चित्रीकरणाला भाड्याने द्यायचा आणि त्या पैशातून रंग लावायचा. आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही, कारण रूळ आणि डबा दोन्ही सरकारी. पण कराराची ती सवय घेता येईल.

आणि घाई का करायची, तेही सांगतो. पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून बनत आलेले, आपण सगळे ज्यात वाढलो ते आयसीएफ डबे 2018 पासून तिथे बनत नाहीत. त्यांच्या जागी एलएचबी येताहेत. खिडकीच्या आडव्या सळ्या, फळ्यांची बाकं, वरच्या सामानाच्या रॅकवर झोपलेला माणूस: हा जनरल डबा आपल्या डोळ्यांदेखत कंडम होतोय. आत्ता तो फुकटात मिळाला तरी कुणी घेणार नाही, इतका सामान्य आहे. थर्ड क्लासचा सागवानी डबाही एकेकाळी इतकाच सामान्य होता.

म्हणून नगरने एक जनरल डबा मागावा, असं आम्हाला वाटतं. पण मागण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात. मालक कोण राहणार, रेल्वे की स्थानिक संस्था. ताबा किती वर्षांचा. छप्पर कोण बांधणार. आणि डब्याचा नंबर, बनल्याचं वर्ष, तो कुठल्या गाड्यांना लागला, ही नोंद कोण ठेवणार. यातलं एक जरी राहिलं, तर दहा वर्षांनी तो डबा बागेतल्या गंजलेल्या पेटीसारखा पडून राहील. त्यात हॉटेल काढलं तरी हरकत नाही, बाकं तेवढी उपटू नका. ज्यांच्या पणज्यांनी या लाईनचा भराव घातला, त्यांना त्या बाकावर बसून बघता आलं पाहिजे.