पडद्यामागचा स्वर

१९७२ साली जेम्स आयव्हरी यांचा ‘सॅव्हेजेस’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील वनकन्येची भूमिका मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी केली होती. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांची ‘सायन्स फिक्शन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील दोन गीते आशाबाईंची आहेत. रूढ स्वरमेळाची चौकट मोडणाऱ्या त्या वादनात गायकाला आधार थोडा. तरीही त्यांचा कंठ निःशंकपणे संचार करतो. हिंदुस्थानी रागसंगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोहोंच्या शिक्षणाचे बळ त्यामागे आहे.

ज्या मुंबईत त्या वाढल्या, तेथे जॅझ रुजविण्यात गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा मोठा वाटा होता. पॅरिश शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलांत वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. सी. रामचंद्रांची ती गाणी नांदेड-लातूरपर्यंत पोहोचली. वादकांची नावे मात्र पोहोचली नाहीत.

आशाबाईंचे गायन मुद्रित झाले, म्हणून टिकले. हॉटेलांतील वादन मात्र त्या त्या रात्रीच विरले. आपल्या पॅरिशमधील वृद्ध वादकांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून ठेवणे, हे म्हणूनच आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.