गायक पक्ष्यांमधील संगोपनाची विभागणी

गायक पक्ष्यांमध्ये घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्लांना भरवणे आणि त्यांचे रक्षण करणे ही कामे नर व मादी यांच्यात वाटली जातात. चिमणी, बुलबुल, दयाळ, सुगरण, सातभाई हे पक्षी या गटात मोडतात. आवाज कर्कश असला तरी वर्गीकरणाच्या दृष्टीने कावळाही गायक पक्षीच आहे. या पक्ष्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा आंधळी आणि जवळजवळ उघडी असतात. त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. बहुतेक लहान जातींची पिल्ले दोन ते तीन आठवड्यांत उडण्याजोगी होतात, आणि तेवढ्या अवधीत त्यांना पुरेल इतके अन्न आणणे एकट्या पक्ष्याला जड जाते. म्हणून बहुसंख्य जातींत दोन्ही पालक राबतात. मात्र ही वाटणी क्वचितच समसमान असते.

कामांचे स्वरूप

अंडी उबवण्याचे काम बहुतेक जातींत मादीकडे असते. विणीच्या हंगामात तिच्या पोटावरची पिसे गळतात आणि तेथील रक्तवाहिन्यांनी भरलेली उघडी त्वचा अंड्यांना थेट ऊब देते. पुष्कळ जातींत नर या काळात मादीला अन्न आणून देतो, त्यामुळे तिला घरटे कमी वेळा सोडावे लागते. ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंचसारख्या काही जातींत मात्र नर व मादी आळीपाळीने अंडी उबवतात.

पिल्ले बाहेर आल्यावर नराचा सहभाग वाढतो. एरवी धान्य खाणारे पक्षीही या काळात पिल्लांना मुख्यतः किडे व अळ्या भरवतात, कारण वाढीसाठी प्रथिने लागतात. पिल्लांची विष्ठा पातळ आवरणाच्या पिशवीत बाहेर पडते. पालक ती उचलून दूर टाकतात किंवा खातात.

पिल्ले घरट्याबाहेर पडली तरी काम संपत नाही. युरोपातील ब्लॅकबर्ड या जातीत मादी पुढच्या विणीची तयारी करू लागते, तेव्हा उडू लागलेल्या पिल्लांना भरवण्याची जबाबदारी बहुधा नरावर येते.

भारतीय उदाहरणे

दयाळ पक्ष्यामध्ये घरटे बांधण्याचे बहुतांश काम मादी करते आणि अंडीही तीच उबवते. नर गाऊन व इतर नरांना हुसकावून आपल्या क्षेत्राचे रक्षण करतो. पिल्लांना भरवण्यात मादीचा वाटा जास्त असतो. जांभळ्या शिंजिराचे लोंबते घरटे मादी विणते आणि नर पुढे पिल्लांना भरवण्यास मदत करतो.

सुगरण पक्ष्याची तऱ्हा याच्या उलट आहे. स्त्रीलिंगी नाव आणि बहिणाबाई चौधरी यांची प्रसिद्ध कविता यांमुळे हे घरटे मादी बांधते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात विणकर नर असतो. तो अर्धवट घरटे बांधून मादीला आकर्षित करतो, आणि तिने ते पसंत केले तरच नळीसारखे प्रवेशद्वार जोडून पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. अंडी उबवणे व पिल्ले वाढवणे हा भार जवळजवळ सर्वस्वी मादीवर पडतो. सलीम अली यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण करून ही पद्धत १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

हितसंबंधांचा संघर्ष

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की संगोपनासाठी खर्च केलेली शक्ती पालकाच्या पुढील प्रजननातून वजा होते. पिल्ले जगण्याचा लाभ दोघांना मिळतो, पण झीज ज्याची त्यालाच सोसावी लागते. जोडीदाराने अधिक काम करावे, यात प्रत्येकाचे हित असते. जोडीदार नाहीसा झाल्यास उरलेला पालक बहुधा खेपा वाढवतो, परंतु तूट पूर्णपणे भरून काढत नाही. ग्रेट टिट या पक्ष्यात दोन्ही पालक बऱ्याच अंशी पाळीने खेपा करतात, म्हणजे दुसऱ्याची खेप झाल्यावर आपली. कामचुकारपणाला आळा घालण्याचा हा एक मार्ग असावा.

या संघर्षाचे टोक युरेशियातील पेंड्युलाइन टिटमध्ये दिसते. अंडी घातली जात असतानाच नर किंवा मादी घरटे सोडून जाते आणि मागे राहिलेला एकटा संगोपन करतो. मादी सुरुवातीची अंडी घरट्यातील कापसासारख्या अस्तराखाली झाकून ठेवते, जेणेकरून नराला त्यांचा सुगावा लागू नये. सुमारे एक तृतीयांश घरटी दोघेही सोडून देतात आणि ती अंडी वाया जातात.

केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात निकोलस डेव्हिस यांनी अभ्यासलेल्या डनॉक पक्ष्यांत एका मादीबरोबर कधीकधी दोन नर असतात. दुय्यम नराला मादीशी समागमाची पुरेशी संधी मिळाली असेल तरच तो पिल्लांना भरवतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए चाचण्यांतून असे आढळले, की नर स्वतःची पिल्ले वेगळी ओळखत नाहीत. समागमाच्या संधीवरूनच ते आपला वाटा ठरवतात.

मदतनीस

सातभाईंच्या थव्यात आईवडिलांखेरीज इतर सदस्यही पिल्लांना भरवतात. चातक व पावशा हे पक्षी आपली अंडी याच सातभाईंच्या घरट्यात घालतात, त्यामुळे परक्या पिल्लाला भरवण्यातही संपूर्ण थवा गुंततो.