चांदमारी : हिंगोली आणि उमरखेड

जुन्या परभणी जिल्ह्यातील हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. छावणी म्हटली की चांदमारी आलीच. निशाणाच्या गोल चांदावर शिपायाने नेम धरावयाचा. या फौजेच्या खर्चापायी १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. १९०३ साली कंटिन्जंटचे वेगळे अस्तित्वही संपले.

पुढे १९४७-४८ साली रझाकारांशी झुंजावयाचे ठरले, तेव्हा इकडच्या तरुणांना बंदूक शिकण्यासाठी पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या छावणीत जावे लागले. उमरखेड निजामी अंमलाबाहेर का? तर ते वऱ्हाडात म्हणून! १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट शरण आली. ज्या फौजेपायी प्रांत गेला, त्या गेलेल्या प्रांतातच प्रजेला नेम धरावयास जागा मिळाली.