एकसष्टाचें ज्येष्ठ मूळ

बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे भुसावळ, जळगांव मागें टाकून चाळीसगांव लागतें. तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशीं पाटण हें जुनें स्थान आहे. तेथील देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं 1865 सालीं विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां मठ स्थापिला आणि 1207 सालीं त्या मठास दान मिळालें, असें त्यांत कोरलेलें आहे. त्या ग्रंथांपैकीं बीजगणितांत एक उदाहरण आहे. त्याचें उत्तर 1,76,63,19,049; म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास!

उदाहरण दिसावयास अगदीं साधें. एखाद्या संख्येच्या वर्गास 61 नें गुणून एक मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच यावा. 61 च्या ऐवजीं 60 घेतले, तर 4 नें काम भागतें. सोळा गुणिले साठ अधिक एक, म्हणजे 961, हा 31 चा वर्ग. 62 घेतले, तर 8 पुरतात व मूळ 63 येतें. परंतु दोहोंच्या मधल्या 61 ला लहानांत लहान संख्या 22,61,53,980 लागते. हें कनिष्ठ मूळ, आणि वर सांगितलेलें तें ज्येष्ठ मूळ. एकेक संख्या ताडून पाहावयाची म्हटलें, तर मिनिटास एक या वेगानें, अहोरात्र, सुमारें 430 वर्षें लागतील. आचार्यांनीं ग्रंथ लिहिला 1150 सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं!

अर्थात् त्यांनीं ताडून पाहिलें नाहीं. त्यांची रीति चक्रवाल. कागद जवळ असेल त्यांनीं पडताळा घ्यावा. आठाचा वर्ग 64. तो 61 हून तीननें अधिक. चक्राचा एक फेरा केला कीं 5 व 39 मिळतात: 61 गुणिले 25 म्हणजे 1525, त्यांतून चार वजा केले कीं 39 चा वर्ग 1521. येथून ब्रह्मगुप्तानें 628 सालीं सांगितलेल्या भावनेनें 3805 व 29718 ही जोडी येते. तींत वजा एक उरतो. आतां 29718 च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा. आपली संख्या हातीं आली. तिला कनिष्ठ मुळानें भागलें, तर 61 चें वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळतें.

1657 सालीं फ्रान्सांतील फेर्मा यानें फ्रेनिक्ल यास लिहिलेल्या पत्रांत हाच प्रश्न घातला, आणि त्यांतही 61 हीच संख्या! इंग्लंडांत ब्राउंकर यानें या जातीच्या प्रश्नांची रीति शोधली. पण ऑयलरच्या चुकीमुळें नांव पडलें पेल याचें. यूरोपास बीजगणिताचें कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर मिळालें 1817 सालीं, म्हणजे तोंपर्यंत लाग्रांजनें असें उत्तर नेहमीं असतेंच हें सिद्धही केलें होतें. तें सिद्ध करण्याचें श्रेय त्याचेंच. भास्कराचार्यांनीं रीति दिली, सिद्धता दिली नाहीं.

पेलच्या नांवाबद्दल आपण हळहळतों, तर आपल्याकडील हिशेबही चोख ठेविला पाहिजे. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधींचें आहे. 1073 सालच्या उदयदिवाकराच्या टीकेंत जयदेव नांवाच्या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत आहेत. त्यांत ही रीति आहे. कृपाशंकर शुक्ल यांनीं ते 1954 सालीं प्रकाशांत आणले.