गोवळकोंड्याची टाळी

हैदराबादच्या दिलसुखनगरात बाजाराच्या वेळी ध्वनिक्षेपकांचा असा कल्लोळ उठतो की, शेजारच्या माणसाचा शब्दही कानी पडू नये. त्याच शहराच्या पश्चिमेस, गोवळकोंड्याच्या किल्ल्यात, दरवाज्याच्या घुमटाखाली वाजविलेली साधी टाळी सुमारे एक किलोमीटरवरील बाला हिसारच्या माथ्यावर ऐकू येते. तेथे ना तार, ना वीज.

ध्वनी मोकळा सुटला की चहूकडे पसरतो व क्षीण होतो. घुमट त्याला विखरू देत नाही. परंतु हा उपाय दुधारी असतो. विजापूरच्या गोलघुमटात, म्हणजे १६५६ मध्ये निवर्तलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर, हलकी कुजबुजही सज्जाच्या पलीकडे पोहोचते. पण मोठ्याने बोलावे, तर शब्द आपल्याच प्रतिध्वनीत बुडून जातात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही या घुमटाचा अभ्यास केला होता. टाळी आखूड व तीक्ष्ण असते, म्हणूनच इशाऱ्याला ती योग्य.

आधुनिक ध्वनिक्षेपकाचे शास्त्र याच पेचातून वाट काढते. १९२५ मध्ये चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी तारेच्या वेटोळ्याने हलणाऱ्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक मांडला. शंकू पुढे सरकताच पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या, तर खर्जाचे स्वर परस्परांस मारून टाकतात. म्हणून शंकू फळीत किंवा पेटीत बसवितात. मात्र ती पेटी भक्कम हवी. ती स्वतःच थरथरू लागली, तर गायकाच्या आवाजात आपला आवाज मिसळते. उत्तम पेटी तीच, जी स्वतः मौन पाळते.

गोवळकोंड्याच्या रचनेतील कौशल्य असे निर्विवाद आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याची भेट घेतली, त्या अबुल हसन कुतुबशहाने हा किल्ला १६८७ मध्ये औरंगजेबाविरुद्ध सुमारे आठ महिने लढविला. अखेर सप्टेंबरातील एका रात्री अब्दुल्लाखान पन्नी या त्याच्याच सरदाराने फितुरीने दरवाजा उघडून दिला, आणि कुतुबशाही संपली. अबुल हसनचे उर्वरित आयुष्य दौलताबादेच्या कैदेत गेले.

शत्रूची चाहूल माथ्यापर्यंत नेणारा घुमट त्या रात्रीही जागच्या जागी होता. पण पहाऱ्यावरचा हातच फितूर झाल्यावर टाळी वाजवावी कोणी?