कट्यारीच्या धाकातील विद्या : खाँसाहेब, शिष्य आणि चोरून ऐकलेले गाणे

१/ १९९५ मध्ये अमेरिकेत टेरेन्स मॅकनॅली यांचे ‘मास्टर क्लास’ हे नाटक आले. ऑपेरा-गायिका मारिया कॅलास न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत १९७१-७२ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवीत असे, हा त्याचा आधार. गायक-गुरूला नाटकाचा नायक करण्याचे काम मराठी रंगभूमीने त्यापूर्वी २८ वर्षे केले होते.

२/ २४ डिसेंबर १९६७. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’. निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे.

३/ कॅलास शिकवते; खाँसाहेब मात्र आपली गायकी परक्याच्या हाती लागू नये म्हणून झटतात. पं. भानुशंकरांकडे शिकण्यासाठी आलेला सदाशिव त्याच हवेलीत राहून खाँसाहेबांचे गाणे चोरून टिपतो. राजगायकाच्या कट्यारीला एक खून माफ आहे. गाण्याची चोरी हा देहदंडाचा गुन्हा ठरू शकतो काय, हा नाटकातील पेच आहे.

४/ ही केवळ कविकल्पना नव्हे. ग्वाल्हेरची आख्यायिका प्रसिद्धच आहे : हद्दू-हस्सू खाँ या बंधूंनी बडे महंमद खाँ यांची तानबाजी पडद्याआड बसून आत्मसात केली. कथेतील तपशील खरे असोत वा नसोत, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, यावरून विद्येभोवतीचे कुंपण किती उंच होते ते कळते.

५/ मात्र या कुंपणाला ‘उस्तादांचा कंजूषपणा’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. दरबारी गवयाकडे जमीनजुमला असेलच असे नाही. कंठस्थ चिजा हीच त्याची मिळकत आणि मुलाबाळांचा वारसा. ती वाटून टाकली, तर उद्या दरबारात त्याची जागा घेणारा त्याच्याच घरातून तयार होणार.

६/ हे अर्थकारण बदलले तेव्हा कुंपणही ढळू लागले. ५ मे १९०१ रोजी पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकाश्रयाच्या बळावर. पं. भातखंडे यांनी घराण्यांतील चिजा मिळवून स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांत छापल्या. विद्या हवेलीतून वर्गात आली.

७/ आणि सगळेच खाँसाहेब आफताब हुसेन नव्हते. आम्हा खानदेशकरांसाठी दाखला घरचाच आहे. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी बालवयात जळगावला मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. त्यांचे पुढचे गुरू भास्करबुवा बखले. ते स्वतः फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकलेले. संगीत रंगभूमीचा स्वर या दिलदार गुरूंनी घडविला आहे.

८/ म्हणूनच वसंतरावांची निवड अर्थपूर्ण वाटते. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ : त्यांची गायकी अनेक दारांतून आलेली. घराण्याची शुद्धता प्राणपणाने जपणारा उस्ताद रंगमंचावर उभा केला, तो कोणत्याही एका घराण्यात न मावणाऱ्या गवयाने.

९/ नाटकात एकच पद दोन गायकींतून ऐकू येते. शब्द तेच, पण घडण निराळी. प्रेक्षक दोन्हींना दाद देतो आणि ‘कोण श्रेष्ठ?’ हा दरबारी प्रश्न आपोआप फिका पडतो.

१०/ पांझरेकाठी देवपुरात बसून आज यातले बहुतेक गाणे भ्रमणध्वनीवर ऐकता येते. पडद्याआड लपण्याची गरज उरलेली नाही. पण ऐकणे सोपे झाले म्हणून शिकणे सोपे झालेले नाही. सदाशिवाने चोरले ते गाणे. खाँसाहेबांसमोर बसून चुका दुरुस्त करून घेण्याचा अधिकार त्याला चोरता आला नाही. तो गुरूनेच द्यावा लागतो. जळगावच्या एका खाँसाहेबांनी तो एका मुलाला दिला, याची आठवण खानदेशाने जपायला हवी.